पसंतीक्रमात नाशिक दुसरं

माझ्या वकिलानं मला कसं बुडवलं ही गोष्ट मी कुणालाही सांगतो. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी सांगतो. घरातली माणसं ती सुरू झाली की उठून आत जातात. मी माझ्या मुलीच्या अर्जाचं काय केलं, ही गोष्ट मात्र घराबाहेर कधी गेली नाही. आज पहिल्यांदाच लिहायला बसलोय.

सिन्नरला माझा जुन्या मशिनरीचा धंदा आहे. औद्योगिक वसाहतीत एखादा कारखाना बंद पडला की तिथली लेथ, ड्रिलिंग, प्रेस अशी मशिनं उचलायची, दुरुस्त करायची आणि विकायची. सुरुवात भंगाराच्या हातगाडीपासून केली. पाठीशी कुणी नव्हतं. जे मिळवलं ते तोंडावर मिळवलं, घासाघीस करून. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, आणि धंद्यात मला दोन्हींचा उपयोगच झाला. कोर्टात झाला नाही.

भागीदारीतलं एक शेड भागीदारानं गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतलं, म्हणून मी सिन्नरच्या कोर्टात दावा लावला होता. माझे दोन साक्षीदार होते, एक वॉचमन आणि एक क्रेनवाला. त्या शेडचा प्रत्येक खांब मी उभा करताना त्यांनी पाहिलेला. साक्षीच्या दिवशी दोघं कामावर खाडा करून, इस्त्रीचे शर्ट घालून कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसले. माझा वकील घाईघाईत आला. एक टाईप केलेला कागद पुढं धरून म्हणाला, “सही करा शेठ, तारखेचं आहे.” मी केली. ती पुरसिस होती. पुरसिस म्हणजे पक्षकारानं कोर्टाला लिहून दिलेलं निवेदन. माझ्या पुरसिसमध्ये लिहिलं होतं की मला काही पुरावा द्यायचा नाही. वॉचमन आणि क्रेनवाला संध्याकाळपर्यंत बसून घरी गेले. दावा गेला. वकिलाला जाब विचारला तर म्हणाला, “सही तुमचीच आहे ना?” मी त्याच्या टेबलावरची काच फोडली. त्यानं काय झालं? माझ्याच हाताला टाके पडले.

तेव्हापासून मी प्रत्येक कागद तीनदा वाचतो. लाईट बिलसुद्धा. अपील नाशिकच्या जिल्हा कोर्टात पडून आहे आणि तारखेच्या दिवशी मी सकाळी काही न खाताच निघतो. लिलावात चार जणांचे आवाज खाली बसवणारा मी, तिथं शिपायालाही ‘साहेब’ म्हणतो. ही भीती मी कुणाला दाखवत नाही. दाखवली तर धंदा होत नाही.

मुलगी बारावीला होती तेव्हा एक दिवस जेवताना म्हणाली, “पप्पा, मी लॉ करणार.” माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्या व्हरांड्यात आपलं माणूस असेल. मला वाचून दाखवल्याशिवाय कुणी माझी सही घेऊ शकणार नाही. तिनं हे माझ्या केससाठीच ठरवलंय असं मी धरून चाललो. तसं तिला विचारलं मात्र नाही.

प्रवेश परीक्षेत तिला मार्क चांगले पडले. मग तिचा मामा, माझा मेव्हणा, नाशिकहून पेढे घेऊन आला आणि सल्लेही घेऊन आला.

“एवढे मार्क आहेत तर मुंबईला टाका हिला. मोठं कॉलेज, मोठं नाव.”

“मामा, मला वकिली नाशिकला करायचीय,” मुलगी म्हणाली.

“मग? शिकायचं मुंबईला, करायची नाशिकला. एक्स्प्रेस वेवर टोल थोडाच लागतोय परत यायला?”

“टोल लागतोच मामा.”

तिची आई हसली. मामा चिडला. “कॉलेजचं नाव चालतं बाई, सगळीकडं.”

“मोठ्या कंपनीत नोकरी करायची असेल तर चालतं. तालुक्याच्या कोर्टात चेहरा चालतो. इथं शिकले तर सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर कुणातरी सीनियरच्या ऑफिसात फायली. पाच वर्षांत कोर्टातले कारकून ओळखायला लागतील, पक्षकार ओळखायला लागतील. सनद हातात येईल त्या दिवशी मला कुणी नवीन म्हणणार नाही.”

“हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?”

“वकीलबाईंनी.”

वकीलबाई म्हणजे आता माझं अपील ज्यांच्याकडं आहे त्या. सिन्नरच्या बसस्टँडजवळ त्यांचं ऑफिस आहे. कागद वाचायला मला तास लागला तरी त्या गप्प बसून राहतात, म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. मुलगी माझ्याबरोबर एकदा तिथं आली आणि मग माझ्याशिवायच जायला लागली. कॉलेज नसलं की तारखेला माझ्याबरोबर कोर्टातही यायची. त्यांनी तिला सांगितलं होतं, “मी पुण्याला शिकले. परत आले तेव्हा इथल्या कोर्टात प्यायचं पाणी कुठं असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पहिला पक्षकार यायला दोन वर्षं लागली. कॉलेज निवडायच्या आधी कोर्ट निवड.”

मला हे तंतोतंत पटलं. माल जिथं खपवायचा तिथल्या बाजारात आधी बसायला लागतं. मेव्हण्याला मी तोंडावर सांगितलं की पोरगी बरोबर बोलतेय. पहिल्यांदाच आमच्या घरात सगळ्यांचं एक मत झालं होतं.

प्रवेशाचा अर्ज ऑनलाईन असतो. त्यात कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची. तिनं नाशिकचं तिला हवं असलेलं कॉलेज पहिलं टाकलं, नाशिकचंच आणखी एक दुसरं, मग पुण्याची दोन, आणि मामाला वाईट वाटू नये म्हणून मुंबईचं ते नामांकित कॉलेज सर्वांत शेवटी. त्याच आठवड्यात मामाच्या घरचा त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा विधी निघाला आणि मायलेकींना जाणं भाग पडलं.

निघताना ती म्हणाली, “पप्पा, यादी मी भरून ठेवलीय. फक्त कन्फर्म करायची राहिलीय. उद्या शेवटची तारीख. तुम्ही ऑनलाईन सेंटरवर जा, यादी वाचा आणि कन्फर्म करा. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येईल.”

“तू का नाही केलं?”

“तुमच्यासाठी ठेवलं. तीनदा वाचल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही ना? वाचा मग.”

ती हसत होती. पायरीवरून बॅग उचलून तिनं मला हात केला आणि दोघी जीपमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेंटरवर गेलो. तिथल्या बाईनं यादी उघडून स्क्रीन माझ्याकडं वळवला. मी खरंच तीनदा वाचली. आणि तिसऱ्यांदा वाचताना माझ्यातला व्यापारी जागा झाला.

मला लेथ घ्यायची असली तर मी लेथकडं बघतसुद्धा नाही. अर्धा तास ड्रिलिंग मशिनपाशी उभा राहतो, त्याचं चाक फिरवतो, भाव विचारतो, जास्त आहे म्हणून भांडतो. मालक ड्रिलिंगवरच अडून बसला की निघता निघता म्हणतो, बरं, ती लेथ धूळ खात पडलीय ती तरी द्या. आयुष्यभर मी असंच घेतलंय. जी वस्तू हवी ती कधी पहिली मागितली नाही. आणि इथं माझी मुलगी पहिल्याच ओळीत लिहून देत होती की मला तुमचंच कॉलेज पाहिजे. मला ते बघवेना.

“भाऊ, करू का कन्फर्म?” बाईनं विचारलं.

“थांबा. ते मुंबईचं वर घ्या.”

“किती वर?”

“पहिलं. नाशिक दुसरं करा.”

“मुलीनं तर शेवटी टाकलंय.”

“मुलगी माझीच आहे.”

“तसं नाही हो भाऊ. पहिला पर्याय लागला तर तोच फिक्स होतो. मग पुढच्या फेरीत नाव येत नाही.”

“लागणारच नाही. गेल्या वर्षी किती मार्कांवर बंद झालं ते काढा बरं.” तिनं काढून दाखवलं. आमच्या मार्कांच्या बऱ्यापैकी वर होतं. “बघा. लागायचा प्रश्नच नाही.”

“मग वर टाकून फायदा काय?”

“नाशिकवाल्यांना दिसलं पाहिजे की ही पार्टी मुंबईला निघाली होती. गरजू म्हणून दारात आलेली नाही.”

बाई माझ्याकडं बघतच राहिली. “कॉलेजला काय दिसत नाय भाऊ. कॉम्प्युटर लावतो सगळं.”

“कॉम्प्युटर कुणी बनवला? माणसानंच ना?”

माझ्यामागं रांग होती. “तुमची मर्जी,” म्हणत तिनं मुंबई उचलून वर ठेवलं. माझा मोबाईल वाजला. मी ओटीपीचे आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. तिनं प्रिंट काढून दिली आणि मी सौदा साधल्यासारखा खुशीत बाहेर पडलो.

ती खुशी माझ्या गोडाऊनपर्यंतच टिकली. सवयीप्रमाणं मी प्रिंट पुन्हा वाचायला घेतली. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वरील पसंतीक्रम मी स्वतः, नियम समजून घेऊन भरला आहे. तो मला मान्य आहे.’ त्याखाली माझ्या मुलीचं नाव होतं.

मी लेथच्या बेडवर बसलो. तिनं स्वतः भरलेला नव्हता. तिला मान्य नव्हता. तिला माहीतही नव्हतं. आणि कागदावर ती सगळं कबूल करून बसली होती.

तेवढ्यात तिचा फोन आला. मागं मंत्र चालले होते.

“पप्पा, झालं का?”

“झालं.”

“वाचली ना यादी?”

“तीनदा.”

“प्रिंट जपून ठेवा हं.”

मी प्रिंट जपून ठेवली. टूलबॉक्सच्या तळाशी, पान्यांच्या खाली.

लगेच सेंटरवर परत गेलो. बाई म्हणाली, “आता लॉक झालं भाऊ. मी सांगत होते.” मी तिच्यावर ओरडलो. रांगेतल्या लोकांनी मलाच गप्प केलं. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर संगीत वाजत राहिलं. रात्रीपर्यंत अर्जाची मुदत संपली.

मग यादी लागेपर्यंतचे दिवस. त्या दिवसांत मी गिऱ्हाईकाचं बोलणं अर्धवट ऐकायचो आणि मान डोलवायचो. एक मशीन मी गिऱ्हाईकानं मागितलेल्या पहिल्याच भावात देऊन टाकलं, तर घेणाराच घाबरला की यात काही खोट आहे काय. मुलगी त्र्यंबकहून आली आणि नाशिकला खोली घ्यायची की रोज एसटीनं जायचं याचा हिशेब आईबरोबर करायला लागली. एसटीच्या वेळा तिनं कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. मी पाणी प्यायला गेलो की तो कागद समोर. मी माठातलं पाणी प्यायला लागलो.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. रोज सकाळी मी ठरवायचो आणि ती समोर आली की विचारायचो, “चहा झाला का?” मनात म्हणायचो, लागणारच नाही. मार्क कमी आहेत. मुंबई लागणार नाही, नाशिक लागेल, आणि हे कुणाला कधी कळणारसुद्धा नाही. माझ्या लेकीचे मार्क कमी पडावेत म्हणून मी देवापुढं उभा राहिलो. असा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

सेंटरवरची बाई एकदा चौकात भेटली. म्हणाली, “भाऊ, यंदा पेपर अवघड होता म्हणतात. सगळीकडं कटऑफ खाली येणार म्हणे.” मी मोटरसायकल सुरू केली आणि उलट्या दिशेला किती लांब गेलो ते पेट्रोल संपत आलं तेव्हा कळलं.

यादी सकाळी लागली. बायको भाकरी थापत होती. मुलगी ओट्याला टेकून मोबाईलवर बघत होती. मी दारात उभा होतो, आतही नाही आणि बाहेरही नाही.

“मुंबई आलंय,” ती म्हणाली.

“काय?” बायको म्हणाली.

“मुंबईचं कॉलेज आलंय. पहिला पर्याय म्हणून. असं कसं? मी शेवटी टाकलं होतं.” तिनं दोन-तीनदा पान उघडलं, मिटलं. “सिस्टिमनं घोळ घातलाय. पप्पा, प्रिंट द्या. इथं तक्रार करता येते. मी आत्ता टाकते.”

ती टाईप करायला लागली. मला तिची बोटं दिसत होती. त्या क्षणी माझ्यापुढं एक वाट उघडी होती, गप्प बसायची. दोष कॉम्प्युटरवर गेला असता. टूलबॉक्स कुणी उघडला नसता. पण ती लिहीत होती की मी स्वतः भरलेला क्रम बदलला गेला आहे, आणि कुणी तपासलं असतं तर ओटीपी आमच्याच मोबाईलवर गेलेला निघाला असता. खोटी तक्रार म्हणून तिचा अर्जच रद्द झाला तर? वकील व्हायच्या आधीच मुलीच्या नावावर खोटेपणा?

“थांब,” मी म्हणालो. “सिस्टिमचा घोळ नाही. मी केलं.”

भाकरी तव्यावर करपली. तो वास घरभर पसरला.

मग मुलीनं मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला आणि मला विचारायला लागली. आवाज चढवला नाही.

“कधी केलं?”

“तू त्र्यंबकला होतीस तेव्हा.”

“सेंटरवर?”

“हो.”

“पहिला लागला तर फिक्स होतो हे तिथं कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं.”

“बदलायच्या आधी की नंतर?”

मी गॅस बंद करायला पुढं झालो.

“पप्पा, आधी की नंतर?”

“आधी.”

“मी त्या दिवशी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“झालं म्हणून सांगितलं.”

माझी उलटतपासणी आयुष्यात कधी झाली नव्हती. कोर्टात माझी पाळी आली नाही, ती पुरसिसनं खाल्ली. उलटतपासणी झाली ती माझ्याच स्वयंपाकघरात, आणि उत्तरं मी शिपायाला ‘साहेब’ म्हणतो त्याच आवाजात देत होतो.

“का केलंत?” हे तिनं सगळ्यात शेवटी विचारलं. मी लेथचं सांगितलं, ड्रिलिंगचं सांगितलं, नाशिकवाल्यांवर वजन पडावं म्हणून केलं ते सांगितलं. बोलताना मलाच ते ऐकवेना.

बायकोनं करपलेली भाकरी परातीत आपटली. “वर्षानुवर्षं आमचं डोकं खाल्लं त्या वकिलाच्या नावानं. न विचारता लिहून दिलं, न विचारता लिहून दिलं. आता तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला वो? त्यानं निदान सही तरी घेतली होती.”

मला राग आला नाही. राग येत नाही हे लक्षात आल्यावर मी आणखी घाबरलो.

मी त्याच दुपारी नाशिकच्या त्या कॉलेजात गेलो. खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो की जागा द्या, बोलून घेऊ. तो म्हणाला, “बोलायचं काय आहे काका? तुमचं नाव आमच्या यादीत नाही.” मी म्हणालो, मुंबई सोडतो. तो म्हणाला, “सोडा. मग आमच्याकडं जागा शिल्लक राहिल्या तर कॉलेज पातळीवर अर्ज करा. राहतील का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.” मी खिडकीच्या फळीवर हात आपटला. त्यानं शांतपणे पेन उचललं, कारण ते घरंगळत होतं. पुढच्याचं नाव विचारलं. माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं, नाकारण्यासारखंही काही नव्हतं. असा मोकळ्या हातानं मी कुठल्याच खिडकीपुढं कधी उभा राहिलो नव्हतो.

परतताना वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “सनद एकच असते. मुंबईला शिकली काय, नाशिकला शिकली काय, उद्या नाशिकच्या कोर्टात उभी राहू शकते. कायद्यानं काही अडत नाही.”

“मग नुकसान नाही ना काही?” मी लगेच विचारलं.

“कायद्यानं नाही म्हटलं मी. पाच वर्षं माणूस जिथं राहतो तिथलाच होतो हो. ओळखी तिथं, काम तिथं, मैत्रिणी तिथं. माझ्या बॅचचे किती परत आले? मी आले, कारण माझे वडील आजारी होते.” त्यांनी समोरची फाईल बाजूला सारली. “आता तरी तिच्या वतीनं काही ठरवू नका. तिला विचारा.”

घरी आलो तर मुलगी कपाट उघडून कागद एका फायलीत लावत होती. दहावीचं, बारावीचं, रहिवासाचा दाखला.

“काय ठरवलंस?” मी विचारलं.

“जाते. नाशिकला शिल्लक जागा मिळेल न मिळेल. वर्ष पणाला लावायची हिंमत नाही माझ्यात.”

“मी उद्या परत जातो नाशिकला. दुसऱ्या कुणाला...”

“पप्पा.” तिनं फाईल बंद केली. “एक सांगते. तुमची केस मी कधीच चालवणार नव्हते. घरच्यानं घरची केस घेऊ नये, वकीलबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला वाटायचं मी तुमच्यासाठी नाशिक म्हणतेय. मला नाशिक आवडतं म्हणून मी नाशिक म्हणत होते. इथली माणसं कोर्टात कशी घाबरून बसतात ते मी तुमच्याबरोबर येऊन पाहिलंय. त्यांच्याशेजारी बसणारं कुणीतरी पाहिजे असं वाटलं. एवढंच.”

म्हणजे तिनं माझी भीती पाहिली होती. इतकी वर्षं मी लपवत होतो आणि ती शेजारी बसून पाहत होती.

प्रवेशाच्या दिवशी मी बरोबर गेलो. कागद तपासायच्या रांगेत ती पुढं आणि मी मागं, फाईल तिच्याच हातात. काही सही करायची वेळ आली की ती उभ्या उभ्या संपूर्ण वाचायची, मागचे लोक कुरकुर करत असले तरी. वसतिगृहाच्या फाटकाशी सामान ठेवलं आणि मी विचारू नये ते विचारलं.

“परत येशील ना नाशिकला?”

“आत्ता विचारू नका. तुम्ही विचारलं की मला नाही म्हणावंसं वाटतं.”

तिचा तो राग मूळचा माझाच होता, माझ्याच नाकाडोळ्यांसकट.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. चांगलं चाललंय. सुट्टीत येते तेव्हा मोठमोठ्या वकिलांची ऑफिसं कशी असतात ते आईला सांगते, हायकोर्टात कुणाचा युक्तिवाद ऐकला ते सांगते. आई कौतुकानं ऐकते. मी पेपर धरून बसतो आणि प्रत्येक वाक्यात नाशिकचं नाव येतंय का ते ऐकतो. क्वचित येतं. फ्रिजवरचा एसटीच्या वेळांचा कागद कुणीतरी काढला. कुणी ते मी विचारलं नाही. अपील अजून पडूनच आहे. तारखेला मी जातो, वकीलबाई असतात, नाव पुकारतात, तारीख पडते. आता कोर्टात मला पूर्वीइतकी भीती वाटत नाही. खरी भीती घरात राहायला आलीय.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंचा फोन आला. त्यांना उन्हाळ्यात मदतीला कुणीतरी हवंय. म्हणाल्या, “दोन महिने माझ्याकडं बसेल का ती? सिन्नरला आणि नाशिकला, दोन्हीकडं नेईन. नंतरही जागा आहे. तिला सांगाल का? तिचा नवा नंबर माझ्याकडं नाही.”

मी लगेच ‘येईल की’ म्हणणार होतो. शब्द ओठावर आला होता. “तिला विचारतो,” एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. फोन करून सांगावं तर माझ्या आवाजात हट्ट येणार. बायकोला सांगायला लावावं तर तेही माझंच ढकलणं. शेवटी मेसेज लिहायला बसलो. ‘तुझ्यासाठी चांगली संधी’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘तुला आवडेल तसं’ असं लिहिलं, तेही खोडलं, कारण त्यातही माझं लबाड आर्जव दिसत होतं. वकीलबाई जे बोलल्या तेवढंच, त्यांच्याच शब्दांत लिहिलं. खाली त्यांचा नंबर. दुसरं काही नाही. तीनदा वाचलं आणि पाठवलं.

दहाव्या मिनिटाला मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिनं वाचलं.

त्याला आज सहावा दिवस. रोज संध्याकाळी तिचा आईला फोन येतो. भाजी काय केली, थंडी किती आहे, परीक्षा कधी आहे, सगळं बोलणं होतं. मी पलीकडच्या खोलीत आवाज बंद करून टीव्ही बघतो. वकीलबाईंना तिनं फोन केला असेल, हो म्हणाली असेल किंवा नाही म्हणाली असेल. त्यांचं ऑफिस माझ्या गोडाऊनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. जाऊन विचारता येईल. मी अजून त्या रस्त्यानं गेलेलो नाही.